सेऊल, सहा तास चाळीस मिनिटं

आमच्या सिंदीत कुणी गेलं की पहिला निरोप नातेवाइकांना जायचा आणि दुसरा ढोकेबाबूंना. कधीकधी उलटही व्हायचं. कारण नातेवाइकांना फोन लावला की रडणं थोडं ओसरताच ते विचारायचे, "माती किती वाजता हाय?" आमच्याकडे अंत्ययात्रेला मातीच म्हणतात, मग पुरायचं असो की जाळायचं. आणि मातीची वेळ सांगणारा गावात एकच माणूस होता.

ढोकेबाबू वर्ध्याच्या स्टेशनात चौकशीच्या खिडकीत बसायचे. एकतीस वर्षं बसले. रोज पॅसेंजरनं जायचे, पॅसेंजरनं यायचे. रिटायर झाले, पण खिडकी काही त्यांच्या अंगातून निघाली नाही. समोरच्याशी बोलताना मान खाली वाकवून बोलत, जणू मध्ये अजून काच आहे आणि तिला खाली अर्धगोल भोक आहे. आणि वेळ कोणतीही असो, दोनदा सांगत. "तीन चाळीस. तीन चाळीस." त्यांना चहाला बोलावलं तरी "सहा दहा. सहा दहा" म्हणून सायकल वळवायचे आणि सहा वाजून दहा मिनिटांनी दारात हजर. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरात एक खाट, एक रेडिओ, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि देशभरातल्या गाड्या, एवढाच त्यांचा संसार.

मातीच्या घरी ते आले की खिशातून खडू काढायचे. रडणाऱ्यांकडे बघायचेही नाहीत. घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन एकच विचारायचे, "शेवटचा माणूस कोन?"

शेवटचा माणूस म्हणजे ज्याच्यासाठी थांबायचं तो. तिथं पाच-सात नावं निघायची, भांडणंही व्हायची. पण बाबूजी ऐकायचे नाहीत. "सगळ्यायसाठी थांबता येत नाई भाऊ. तोंड कोनाले दाखवाचं हाय ते सांग." नाव ठरलं की दुसरा प्रश्न, "निघाला काय?" निघतो आहे, निघणार आहे, तिकीट बघून राहिला, हे त्यांना चालत नसे. निघाला म्हणजे निघाला. मग डोळे मिटून बोटांच्या पेरांवर हिशोब व्हायचा, त्यात रडायला वीस मिनिटं घातली जायची आणि दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहिलं जायचं, माती ४.१०. किंवा ५.२५. चार आणि पाच असे गोल आकडे मी त्यांच्या हातून कधी उतरलेले पाहिले नाहीत. आणि नेमक्या त्या मिनिटाला तिरडीचा पुढचा बांबू धरून ते हळूच म्हणायचे, "चाला, उचला." तो आवाज मोठा नसायचा, पण सगळं अंगण हलायचं.

गावात त्यांची टिंगल कमी होत नव्हती. ढोकेबाबू यमाचे स्टेशनमास्तर आहेत असं आमचा एक अडत्या म्हणायचा. पण त्याच अडत्याचा भाऊ गेला तेव्हा पुण्याहून पुतण्यानं फोनवर "निघालो, निघालो" म्हणून सांगितलं आणि बाबूजींनी फोन कानाला लावून नुसतं ऐकलं. मागं कुकरची शिट्टी झाली होती. बाबूजींनी भिंतीवरचा आकडा पुसला आणि पन्नास मिनिटं पुढं लिहिला. पुतण्या आला तेव्हा बरोब्बर वीस मिनिटं रडायला उरली होती. त्यानंतर अडत्यानं ती टिंगल सोडली.

आमच्या घरचीही गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं खोटेपणाचं होईल. आम्ही बाजारातले दुकानदार लोक. माझ्या आजोबांच्या उमेदीत ढोकेबाबूंच्या वडिलांना आमच्या ओट्यावर चढायची परवानगी नव्हती. ते खाली उभे राहायचे आणि सामान वरून दिलं जायचं. त्या आजोबांच्या मातीची वेळ ढोकेबाबूंनी त्याच ओट्यावर उभं राहून ठरवली. शेवटचा माणूस म्हणजे माझी आत्या, जळगावहून गाडीत बसलेली. बाबूजींनी दोन फोन केले आणि म्हणाले, "तिले सांगा वर्ध्याच्या आंधी पुलगावलेच उतरजो. वर्ध्याच्या आउटर सिग्नलवर गाडी पाऊन तास उभी ठेवतीन." पुलगावला कोणी जीप घेऊन गेलं आणि आत्या पोचली तेव्हा ज्या गाडीतून ती उतरली होती ती गाडी खरंच आउटरवरच उभी होती. आत्यानं आजोबांच्या गालाला हात लावला. ती अजूनही म्हणते, तो गाल गार होता पण बाबांचाच होता. बाबूजींनी आमच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही. मातीच्या घरी ते कुठंच घेत नसत, पण त्या दिवशी मला ते वेगळं वाटलं आणि लाज वाटली.

माझं स्टेशन रोडला ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, रिझर्वेशन, सगळं करतो. गेल्या काही वर्षांत गावातली पोरं गाडीच्या रुळांवरून उतरून आकाशात गेली. कोणी दोह्याला, कोणी बँकॉकला, कोणी सिंगापूरला. बाबूजींना हे कळलं ते मातीच्या घरीच. शेवटचा माणूस दोह्यात आहे म्हटल्यावर ते पहिल्यांदा पेरांवर अडकले आणि सायकल काढून थेट माझ्याकडे आले.

"दोहा सांग बरं."

मी नागपूर ते दोहा असं टाकलं. अंतर आणि वेळ सांगणारी पानं इंटरनेटवर ढिगानं आहेत. नकाशावर दोन ठिपके, मध्ये एक रेघ, रेघेवर चिमुकलं विमान. साधारण दोन हजार आठशे किलोमीटर, चार तास. बाबूजी पडद्यापुढं वाकले. "चार तास? मुंबईहून रेल्वेनं याले रात जाते. दोहा तं पुलगावजवळ आलं लेका." ते पहिल्यांदा मोठ्यानं हसलेले मी तेव्हा पाहिले. दोह्याला नागपूरहून सरळ विमान होतं, पोरगा वेळेत पोचला, भिंतीवरचा आकडा चुकला नाही. आणि त्या दिवसापासून त्या पानावर त्यांचा विश्वास बसला.

मग फावल्या वेळात येऊन बसायचे. बँकॉक सांग. दोन हजार चारशे, साडेतीन तास. सिंगापूर सांग. साडेतीन हजार, पाच तास. एका वहीत लिहून घ्यायचे. स्वतः कधी विमानात बसले नव्हते, नागपूरचा विमानतळही पाहिला नव्हता. पण आशिया खंड त्यांनी चौकशीच्या खिडकीत लावायच्या वेळापत्रकासारखा पाठ केला. मी मजा घेत होतो. गिऱ्हाईक नसलं की मीच विचारायचो, "बाबूजी, हनोई?" आणि ते मान वाकवून दोनदा उत्तर द्यायचे. मजा घेत होतो हे मुद्दाम लिहून ठेवतो.

शीलाबाई आमच्या अंगणवाडीच्या ताई. मुलगा अमोल लहान असतानाच नवरा वारला. त्यांनी पोराला एकटीनं वाढवलं, पोरगा शिकत शिकत सेऊलला एका विद्यापीठात संशोधनाला गेला. बाबूजींच्या घरापासून तिसरं घर. अमोल लहानपणी बाबूजींच्या सायकलीच्या दांडीवर बसून गाड्यांचे नंबर पाठ करायचा, त्यांना काका म्हणायचा. दोन वर्षं तो आला नव्हता. दिवाळीला नक्की येणार होता आणि शीलाबाई ते भाजीवाल्यालासुद्धा सांगत.

पण त्याआधी मे महिन्यातच शीलाबाई वारल्या. सकाळी अकराच्या सुमाराला अंगणवाडीतून आल्या आणि उन्हाची तिरमिरी आल्यासारख्या खाली बसल्या त्या बसल्याच. बाबूजी पोचले. या वेळी शेवटचा माणूस कोण हे विचारायची गरज नव्हती. आई गेल्याचं अमोलला घरच्यांनी कळवलं होतं, निघाला का हे विचारायला फोन बाबूजींनी लावला.

"निघाला काय बेटा?"

"निघालो काका. टॅक्सीतच आहे." फोन कटला आणि परत लागला नाही.

निघाला म्हणजे निघाला. बाबूजी माझ्या दुकानात आले. बारा वाजले होते, दाखल्यांसाठी चार माणसं रांगेत होती, पंखा गरम हवा फेकत होता.

"सेऊल सांग. लवकर."

मी टाकलं. दोन ठिपके, रेघ, विमान. "चार हजार नऊशे किलोमीटर. सहा तास चाळीस मिनिटं."

"सहा चाळीस. सहा चाळीस." ते तिथंच पेरं मोजू लागले. विमानतळावर जायला दीड तास, आधी तीन तास, सहा चाळीस, बाहेर पडायला एक, सिंदीला यायला एक. "रात्री एक दहा. रातभर मायजवळ बसीन पोरगं. माती सकाळी आठ पस्तीस. उन्हाच्या आंधी."

त्या पानावर रेघेखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे सरळ रेषेतलं अंतर आहे आणि वेळ अंदाजे आहे. मी ते वाचलं होतं. नागपूरहून सेऊलला सरळ विमान जात नाही हेही मला माहीत होतं, दिवसभर तिकिटं काढणाऱ्याला तेवढं माहीत असतंच. पण त्यांनी वेळ विचारली आणि मी वेळ सांगितली. रांगेतला पुढचा माणूस कागद पुढं करत होता.

शीलाबाईंच्या अंगणात कोणीतरी म्हणालं, वर्ध्याहून शवपेटी आणू, वीज लावून थंड राहते ती. बाबूजी म्हणाले, "कायले? एका रातीचा तं सवाल हाय. बरफ पुरते." त्यांचा शब्द, म्हणून कोणी पुढं बोललं नाही. बर्फाच्या लाद्या आल्या. भिंतीवर खडूनं लिहिलं गेलं, माती ८.३५.

सकाळी सातला मी गेलो तेव्हा अमोल आला नव्हता, त्याचा फोनही रातभर लागला नव्हता. बाबूजी ओसरीवर ताठ बसले होते, डोळे लाल. माणसं जमत होती. उन्हानं सकाळपासूनच चटका द्यायला सुरुवात केली होती आणि मोरीकडं बर्फाचं पाणी वाहत होतं. सव्वाआठला बाबूजींच्या फोनची घंटी वाजली. त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"काका, मुंबईला उतरलो. नागपूरचं विमान दोनला आहे. पाच-सव्वापाचला पोचतो. काका, थांबता ना?"

"मुंबई?" बाबूजी म्हणाले. "मुंबई कायले? तू तं सरळ नागपूरले..."

"सरळ विमान कुठं आहे काका? सेऊलहून बँकॉक, बँकॉकहून मुंबई. मी रात्री कळवलं होतं ना."

त्यानं कळवलं होतं. पण सवयीनं आईच्याच नंबरवर. इतकी वर्षं कुठंही पोचला की त्याचा "पोचलो" त्याच नंबरवर जायचा. संध्याकाळी कमलमावशीला, म्हणजे शीलाबाईंच्या बहिणीला, अंगणवाडीच्या पिशवीत तो फोन सापडला. "आई, बँकॉकला उतरलो. पुढचं विमान चार तासांनी." असं त्यावर लिहिलेलं होतं. आई गेली म्हणूनच तो निघाला होता, तरी.

मग धावपळ झाली. वर्ध्याच्या दोन्ही पेट्या सकाळीच गेल्या होत्या, उन्हाचे दिवस, माणसं पटापट जात होती. "काल दुपारी सांगाचं होतं ना जी, काल होती एक," पेटीवाला म्हणाला. पुलगावला नव्हती. नागपूरहून आणायची तर दोन-तीन तास. बाबूजी एकेक नंबर लावत होते, प्रत्येकाला दोनदा सांगत होते, "सिंदी रेल्वे. सिंदी रेल्वे." साडेनऊ वाजून गेले. शेवटी कमलमावशी आतून आल्या. त्यांनीच बहिणीला आंघोळ घातली होती. पदर नाकाला लावून त्या बाबूजींच्या अगदी जवळ आल्या आणि हळू बोलल्या, तरी मला ऐकू आलं.

"बाबूजी, आता नाई थांबता येत. बाईची लाज ठेवा."

अमोलला फोन बाबूजींनीच केला. दुसऱ्या कोणाला देईनात. मान खाली वाकवून, खिडकीतून सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पलीकडं मुंबईच्या विमानतळावर घोषणा चालू होत्या. मी म्हटलं, व्हिडिओ लावून तोंड दाखवू का. अमोलनं ऐकलं. "नको," तो म्हणाला. "फोनवर नका दाखवू."

त्रिशरण-पंचशील झालं. बाबूजींनी पुढचा बांबू धरला आणि तसेच उभे राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते दोन शब्द काही त्यांच्याकडून निघेनात. अखेर मागून कोणीतरी म्हणालं, "उचला रे," आणि आम्ही उचललं.

अमोल पाच वाजून पंधरा मिनिटांनी पोचला. बाबूजी दारात उभे होते. त्यानं बॅग खाली ठेवली, भिंतीवरचा ८.३५ वाचला आणि विचारलं, "कुठं?" बाबूजींनी हातानं दिशा दाखवली. तो एकटाच नाल्याकाठच्या स्मशानाकडं चालत गेला. परत आल्यावर रागावला नाही, एका शब्दानं विचारलं नाही, उलट "काका, जेवलात का?" म्हणाला. बाबूजींना त्याचंच फार लागलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर त्यांना कुठं तरी ठेवता आल्या असत्या.

चार दिवसांनी ते दुकानात आले. मला कधीतरी येतील हे माहीत होतं आणि भीती वाटत होती.

"ते सेऊलचं पान काढ."

काढलं. दोन ठिपके, रेघ, विमान. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "टाइम तं हाय. मंग गाडी कुठं गेली?"

मी समजावून सांगितलं. की ही नुसती मोजणी आहे. कॉम्प्युटर दोन शहरांमधलं अंतर विमानाच्या वेगानं भागतो आणि सांगतो. असं विमान असेलच असं नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. एकतीस वर्षं ज्या खिडकीत ते बसले होते तिथं जी गाडी धावत नाही तिची वेळ कधी लागली नव्हती. गाडी उशिरा येईल, रद्द होईल, पण वेळ छापली आहे म्हणजे कुठंतरी गाडी आहे, ही त्यांची समजूत होती आणि ती चूक आहे असं त्यांना कोण सांगणार होतं? मीच सांगू शकत होतो.

"गाडीच नाई," ते म्हणाले, "तं टाइम कायले छापते?"

मी म्हटलं, "बाबूजी, मला माहीत होतं." आयुष्यात खरं बोलायला इतका उशीर मी कधी केला नसेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान वाकवून नाही, सरळ. "गाडी हाय काय असं तुले विचारलं असतं तं तू सांगतलं असतं," असं म्हणून ते उठले. मला दोष द्यायचंही त्यांनी नाकारलं.

त्यानंतर त्यांनी कोणाच्या मातीची वेळ सांगितली नाही. माणसं यायची, दारातून परत जायची. "मले नाई जमत आता. ज्याले त्याले विचारा." गावात माती चारला, पाचला अशी होऊ लागली आणि कोणी ना कोणी मागं राहू लागलं. अमोल आईचं सगळं आटोपून परत गेला. घराला कुलूप लावून किल्ली बाबूजींकडे दिली. निघताना बाबूजींनी त्याच्याकडून एवढंच मागून घेतलं, दारातून पाऊल उचललं की तिकडच्या दारात पाऊल टाकेपर्यंत किती वेळ लागला तो आकडा कळव. त्यानं कळवला. बाबूजींनी मला तो वाचायला लावला आणि येतानाच्या वेळेशी ताडून पाहिला. दोन्हीकडून सव्वाएकोणतीस तास, पाच-दहा मिनिटं इकडं-तिकडं. अमोलचं सिंदीत आता कोणी नव्हतं. ज्याच्यासाठी घाईनं यावं असं कोणी उरलं नव्हतं, तेव्हा बरोबर वेळ मिळाली.

पुढच्या वर्षी बाबूजींच्या पुतण्यानं त्यांना बोरगाव मेघेला आपल्याकडे नेलं. त्याआधी आठवडाभर, पुन्हा मे महिन्यातच, मी त्यांना शेवटचं पाहिलं.

शीलाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. मी दुकानाचं शटर ओढून घरी चाललो होतो. शीलाबाईंच्या बंद दारापुढं बाबूजी उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. भिंतीवरचा ८.३५ पावसानं निम्मा गेला होता, तो त्यांनी पुसला नव्हता. त्याच्या खाली नव्या खडूनं लिहिलं होतं, माती ५.४५.

मला समजायला थोडा वेळ लागला. बाराला निघाला, सव्वाएकोणतीस तास, सव्वापाच. वर रडायला वीस मिनिटं आणि तोंड बघायला दहा. पेटी आणली असती तर हीच वेळ होती.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं. ढोकेबाबूंनी कोणाला वेळ विचारलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

"पाच चाळीस, बाबूजी."

"पाच मिन्टं हाय अजून. पाच मिन्टं."

ते नागपूरच्या रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. घरी चला म्हणावंसं वाटलं, हात धरावासा वाटला, माफी मागावीशी वाटली, आणि यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी सायकल भिंतीला लावली आणि त्यांच्या मागं उभा राहिलो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. एक बाई पाण्याचा कॅन घेऊन गेली, तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पुढं गेली.

मग त्यांनी खडू खिशात टाकला, उजवा हात खांद्याशी नेला आणि बंद दाराकडं पाहून, पूर्वीसारखं हळूच, म्हणाले, "चाला, उचला."

आणि नाल्याच्या रस्त्यानं चालू लागले. मी त्यांच्या मागून गेलो.